अळणी रश्श्याला निरामिष पर्याय : शास्त्र, चव आणि मर्यादा

पंचकर्म करणाऱ्या व्यवसायबंधूंस संसर्जनक्रमाच्या शेवटच्या पायरीवर एक अडचण हमखास भेटते. पेया झाली, विलेपी झाली, अकृत व कृत यूष झाले. आता मांसरस द्यावयाचा, आणि रुग्ण म्हणतो, 'आम्ही माळकरी' किंवा 'आम्ही जैन'. अशा वेळी आपण बहुतेकजण मुगाचा यूषच आणखी तीन अन्नकाल चालू ठेवतो, त्यावर तूप थोडे अधिक सोडतो आणि रुग्णास वरणभातावर आणून मोकळे होतो. प्रधान शुद्धीच्या बारा अन्नकालांपैकी शेवटचे तीन अशा रीतीने ग्रंथात राहतात व व्यवहारात गळतात. रुग्ण बलवान असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. परंतु दीर्घ ज्वरातून उठलेला, क्षयाने वाळलेला, अस्थिभग्नानंतर अंथरुणास खिळलेला रुग्ण समोर असता 'मूग चालू ठेवा' हे उत्तर अपुरे आहे, हे आपणा सर्वांस मनोमन ठाऊक असते. मांसरसास निरामिष पर्याय देता येतो काय, येत असल्यास तो कितपत खरा, याविषयी आम्ही गेल्या काही वर्षांत जे केले, व जेथे चुकलो, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

प्रथम मूळ पदार्थाविषयी. सोलापूर-कोल्हापूर भागात बोकडाचे मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवितात आणि तिखट-मसाला पडण्यापूर्वीच त्या भांड्यातील रस्सा वेगळा काढून ठेवतात. यास अळणी म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ बिनमिठाचे असा असला, तरी तिकडील बोलीत तो बिनतिखटाचे या अर्थाने रुळला आहे. लहान मुलास, बाळंतिणीस, आजारातून उठलेल्यास पहिली वाटी याचीच मिळते. कोल्हापूरचा पांढरा रस्साही याच अळणीवर नारळाचे दूध व तीळ-खसखशीचे वाटण चढवून होतो. स्नेह, लवण व कटु द्रव्यांवाचून केलेला तो अकृत आणि त्यांच्यासह केलेला तो कृत, असा भेद सुश्रुताने सूत्रस्थानाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात केला आहे. आमच्या माताभगिनींची अळणी ही काटेकोरपणे पाहता या दोहोंच्या मधली पायरी होय. ग्रंथ न वाचता त्या ती पिढ्यान्‌पिढ्या अचूक त्याच अवस्थेत देत आल्या आहेत, जेथे सुश्रुताने मांसरस सांगितला : ज्वराने क्षीण झालेला, कृश, उरःक्षती, स्वर व ओज हरवलेला, ज्याचे हाड मोडले वा सांधा निखळला आहे असा.

हा विषय आमच्यापुढे प्रश्न म्हणून उभा राहिला तो एका रुग्णामुळे. पंढरपूरच्या बाजूचे बासष्ट वर्षांचे एक शेतकरी. फुप्फुसाचा क्षय, सहा महिन्यांच्या सरकारी औषधोपचाराचा तिसरा महिना चालू. खोकला व ज्वर ओसरला होता, थुंकीत जंतू सापडत नव्हते, परंतु वजन ४१ किलोवर अडलेले. भूक लागे, ताटावर बसले की मन उडे. काय खावेसे वाटते असे विचारता ते थोडे ओशाळून हसले. 'खरं सांगू का वैद्यबुवा? अळणी. घरात बोकड शिजलं की पयली वाटी माझी असायची. पण सात वर्सं झाली माळ घातलीया. आता मागं फिरणं न्हाई.'

आम्ही म्हणालो, 'आण्णा, तुम्हांला मागे फिरवायचे नाही. दुसरे काही पाहू.'

त्यांच्या मुलाने मात्र आम्हांस बाहेर ओसरीवर गाठले. त्याचे म्हणणे असे, की मुगाच्या कटात हाडाचे पाणी मिसळून देतो. त्यांच्या तोंडाला चव नाही, त्यांना कळणार नाही. माणूस जगला पाहिजे, पाप लागलेच तर मला लागो. मुलाच्या डोळ्यांत पाणी होते, त्यामुळे त्यास रागावणे शक्य नव्हते. त्यातच आमच्याकडे अनुभवासाठी येणारे एक तरुण वैद्य हळूच म्हणाले, 'सर, चरकातही असे लपवून देणे सांगितलेच आहे की.'

सांगितले आहे, ही गोष्ट खरी. राजयक्ष्मचिकित्सेत, म्हणजे चिकित्सास्थानाच्या आठव्या अध्यायात, न आवडणारी मांसे दुसऱ्या आवडत्या मांसाच्या नावाने द्यावीत, असा स्पष्ट निर्देश आहे. कावळ्याचे मांस तित्तिराचे म्हणून, सापाचे वर्मी नामक माशाचे म्हणून द्यावे. कारण खरे नाव कळले तर रुग्ण ते खाणार नाही, खाल्लेले उलटून टाकील. पण हा उतारा ज्या रुग्णाविषयी आहे तो मांस खाणारा आहे. त्याची अडचण जिभेची व सवयीची आहे. आमच्या रुग्णाची अडचण जिभेची मुळीच नव्हती. जीभ तर तेच मागत होती. त्याने समजून उमजून एक गोष्ट सोडली होती. किळस दूर करण्यासाठी केलेली युक्ती व्रत मोडण्यासाठी वापरणे हा त्या वचनाचा विपर्यास होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहावे. लपविलेली गोष्ट खेड्यातील घरात महिनाभरही लपत नाही. ज्या दिवशी ती उघड होईल त्या दिवशी हा गृहस्थ केवळ कटाची वाटी दूर सारील असे नाही. त्याच हाताने दिल्या जाणाऱ्या क्षयाच्या गोळ्याही दूर सारील. उपचाराचे तीन महिने शिल्लक असता तो धोका कोणी पत्करावा?

मुलास आम्ही एवढेच सांगितले, की चरकाने दुसरा मार्गही दाखविला आहे आणि तो तुमच्या वडिलांसाठीच आहे.

शास्त्राधार

तो मार्ग शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात आहे. तेथे प्रथम सामान्य-सिद्धान्त येतो : मांसाने मांस, रक्ताने रक्त, मेदाने मेद वाढतो, आणि तो इतर कशाहीपेक्षा अधिक वाढतो. यातील 'अधिक' या पदाकडे आपण पुढे परत येऊ. लगेच त्यापुढे आचार्य म्हणतात, की असे समान द्रव्य जवळ नसेल, अथवा जवळ असूनही किळस वा अन्य कारणामुळे वापरता येत नसेल, आणि तो धातू तर वाढवावयाचा असेल, तर समान गुणांनी भूयिष्ठ अशा अन्य जातीच्या आहारद्रव्यांचा उपयोग करावा. उदाहरण शुक्रक्षयाचे आहे. तेथे दूध-तूप व इतर मधुर, स्निग्ध, शीत द्रव्ये सांगितली आहेत. 'अन्य कारण' या दोन शब्दांत माळकऱ्याची माळ बसते, जैन बांधवाचे व्रत बसते, आणि ज्याच्या खिशाला मटण परवडत नाही तोही बसतो.

म्हणजे द्रव्य सारखे मिळत नसेल तर गुण सारखे शोधावेत. परंपरेने हे केलेलेही आहे, व ते आपल्या औषधालयाच्या फळीवर उभे आहे. महामाष तैलाचे सामिष व निरामिष असे दोन पाठ आपण ओळखतो. पहिल्यात बोकडाचे मांस पडते, दुसऱ्यात ते वगळलेले. पाया दोन्हींत माषाचा, म्हणजे उडदाचाच. मांस काढले तेव्हा जुन्या वैद्यांनी तैलच रद्द केले नाही, आणि निरामिष पाठ सामिषच आहे असेही भासविले नाही. बाटलीवर भेद लिहिला. हा प्रामाणिकपणा पुढील सर्व विवेचनात आम्हांस आदर्श वाटतो.

आता गुण कोणते शोधावयाचे? मांस बृंहणात अग्र्य व रस तर्पणात अग्र्य, हे सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहावरून सर्वांस परिचित आहे. बोकडाच्या मांसाविषयी चरकाने सत्ताविसाव्या अध्यायात जे म्हटले आहे ते येथे अधिक उपयोगी. ते फार थंड नाही, फार जड नाही, फार स्निग्ध नाही. मानवी धातूंशी समान असल्यामुळे बृंहण करते आणि तरीही अभिष्यंद करीत नाही. सारी कठीण गोष्ट या 'तरीही' मध्ये आहे. बृंहण करणारी वनस्पतिज द्रव्ये पुष्कळ आहेत. बृंहण करून स्रोतसे न बुजविणारी थोडी.

मूग घ्यावा तर तो लघू, पथ्यकर, निर्दोष. परंतु रूक्ष व विशद. तुपाने त्याचे रौक्ष्य झाकते, बृंहण मात्र होत नाही. उडीद घ्यावा तर तो स्निग्ध, उष्ण, मधुर, बल्य, वातघ्न, गुणांनी मांसाच्या सर्वांत जवळ. परंतु गुरू व मलवर्धक, आणि मंद अग्नीच्या रुग्णास पोटात दगडासारखा. एकटा मूग कमी पडतो, एकटा उडीद अधिक होतो. हे इतके सरळ असता आम्ही आरंभी तिसऱ्याच वाटेने गेलो, ती चूक आता सांगतो.

आमची चूक : कुळीथ

आम्ही चवीच्या मागे लागलो. मांसरसाची चव कशात असते याविषयी आधुनिक रसायनशास्त्राने शंभर वर्षांत बरेच सांगितले आहे. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रवनस्पतीच्या काढ्यातून ग्लुटामेट हे रुचिद्रव्य वेगळे केले. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी वाळविलेल्या माशात इनोसिनेट दाखविले. मांसात ही दोन्ही असतात आणि एकत्र आली की परस्परांची रुची कित्येक पटींनी वाढवितात. हाडे-कातडी मंद आचेवर दीर्घकाळ शिजली की जिलेटिन सुटते, त्याने रसास ओठांस चिकटणारा दाटपणा येतो. उरलेला वास हा मुख्यतः चरबीचा व भाजण्याचा. वनस्पतींत ग्लुटामेट भरपूर मिळते. पिकलेला टोमॅटो हे त्याचे हाताशी असलेले उदाहरण. इनोसिनेटचे काम वाळवलेली अळंबी आपल्यापरीने करतात, त्यांतील ग्वानिलेटमुळे. पण आमच्या रुग्णास अळंबी चालत नव्हती, कांदा-लसूणही नाही.

राहिला कुळीथ. कोकणात पिठी, देशावर हुलग्याचे माडगे. भाजलेल्या कुळथाच्या कढणास जो काळसर, खमंग, किंचित मांसल स्वाद येतो तो दुसऱ्या कोणत्याही कडधान्यास येत नाही. आम्ही भाजलेल्या कुळथाचे कढण, टोमॅटो, दगडफूल, आले, हिंग व तूप असे करून दिले. आण्णांनी पहिल्या घोटास डोळे मिटले. 'अगदी तसंच न्हाई, पण त्याच्या शेजारचं हाय,' हा त्यांचा अभिप्राय आम्हांस फार सुखावून गेला, इतका की आम्ही गुणांकडे पाहण्याचे विसरलो.

दहा दिवसांनी ते आले ते छातीत जळजळ व घशाशी आंबट घेऊन. वजन जागच्या जागी. क्षयाच्या औषधांनीही पोटात जळजळ होते, हे मान्य. परंतु आधीच्या तीन महिन्यांत नव्हती आणि आमचे कढण थांबविल्यावर चार दिवसांत निवली. कुळीथ उष्ण, कषाय, विपाकी अम्ल, कफ-वात व शुक्र कमी करणारा. कास, श्वास, हिक्का, अर्श यांत हितकर म्हणून त्याची ख्याती आहे, पण तो शोषिताचे पोषण करणारा नव्हे. ज्याचे शुक्रापर्यंतचे धातू आटले आहेत त्यास आम्ही शुक्रघ्न द्रव्य वाटीभर, दिवसातून दोनदा, चव जुळते म्हणून पाजीत होतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केली असती तर आम्ही त्यास बोल लावला असता, अशी ही चूक. चव मांसरसाच्या शेजारी जाऊन बसली आणि गुण नेमके विरुद्ध दिशेस गेले.

निरोगी मनुष्यास, ज्याने मांसाहार सोडला आहे व ज्यास कधी अळणीची आठवण येते, त्याने थंडीच्या दिवसांत कुळथाचे कढण खुशाल प्यावे. स्थूल, कफप्रकृती, श्वासाच्या रुग्णासही द्यावे. येथे प्रश्न क्षीण रुग्णाचा आहे.

कृती

यानंतर आम्ही जी योजना बसविली ती आजतागायत थोड्याफार फरकाने वापरीत आहोत. सालीसह मूग ३० ग्रॅम, सालीसह उडीद १५ ग्रॅम, जव १० ग्रॅम. उडीद व जव कोरडे, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजावेत. मूग भाजू नये, चार तास भिजवावा. उडीद भाजल्याने त्याचा चिकटपणा व जडपणा काहीसा उतरतो आणि भाजणीचा जो वास मांसरसात अपेक्षित असतो तो मिळतो. जवाच्या पिष्टास शिजल्यावर एक प्रकारचा गुळगुळीत दाटपणा येतो. जिलेटिनची जागा थोडीफार तो भरून काढतो. शार्ङ्गधराने यूषासाठी एक पल द्रव्यास एक प्रस्थ पाणी सांगितले आहे, म्हणजे सोळापट. तेच प्रमाण धरले तर या ५५ ग्रॅमला साधारण ८८० मिलिलिटर पाणी लागते. आटवून निम्मे ठेवावे. त्याच पाठातील सुंठ व पिंपळीपैकी आम्ही सुंठ चिमूटभर ठेवतो. पिंपळी रुग्ण पाहून.

पाण्यातच एक पिकलेला टोमॅटो, एक तमालपत्र, चार मिरे व दगडफुलाची एक छोटी पाकळी घालावी. दगडफूल म्हणजे आपले शैलेय. काळ्या व गोड्या मसाल्यास जो गूढ, धुरकट वास असतो तो पुष्कळसा त्याचा. मटणाच्या मसाल्यातही तेच असल्यामुळे जिभेस मटणाची आठवण तेच करून देते. प्रमाण वाढले की रस कडवट होतो, म्हणून छोटीच पाकळी, आणि ती माती-खडा जाईपर्यंत तीन पाण्यांतून धुतलेली. औषधी दुकानातील शैलेय पुष्कळदा झाडाच्या सालीच्या तुकड्यांसह येते, ते निवडावे.

हंडीत मंद आचेवर दीड तास, अथवा कुकरमध्ये शिजवून मग उघड्यावर वीस मिनिटे आटवावे. शिजल्यावर रवीने घोटून जाड कापडातून अथवा चाळणीतून दाबून गाळावे. दाबून हे महत्त्वाचे. वरचे निवळ पाणी तेवढे घेतले तर रंग व वास येईल, पोषण भांड्यात राहील.

आता बृंहणाचा मुख्य भाग. १० ग्रॅम चारोळी दोन तास भिजवून, गंधासारखी वाटून, थोड्या पाण्यात कालवून रसात सोडावी आणि एक उकळी आणावी. बदाम, अक्रोड, पिस्ते इत्यादींस चरकाने गुरू, उष्ण, स्निग्ध, मधुर, बल्य व बृंहण म्हटले, आणि प्रियाल, म्हणजे चारोळी, उष्णता वगळता त्यांच्यासारखीच असे लगेच पुढे सांगितले. पित्ताने जळलेल्या क्षीण रुग्णास हवे ते नेमके हेच. पांढऱ्या रश्श्यातील तीळ-खसखशीचे काम चारोळी अधिक सौम्यपणे करते. खसखस ग्राही असल्याने बद्धकोष्ठ असलेल्या अंथरुणावरील रुग्णास आम्ही ती देत नाही.

शेवटी दोन चमचे गाईच्या तुपाची जिरे, हिंग व किसलेल्या आल्याची फोडणी, बेताचे सैंधव आणि आंबटपणासाठी डाळिंबाचा रस. मांसरस डाळिंबाने आंबट करण्याची पद्धत ग्रंथोक्त आहे व टोमॅटोपेक्षा जुनी आहे. पित्ताधिक रुग्णास टोमॅटो वगळून केवळ डाळिंब वापरावे. ज्यांस कांदा चालतो त्यांनी अर्धा कांदा निखाऱ्यावर वा जाळीवर काळपट भाजून शिजताना टाकावा. चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो हे आम्ही निःसंकोच कबूल करतो. सुरण वा कच्च्या फणसाच्या फोडी तुपात तांबूस करून सोडल्या तर निरोगी माणसाच्या ताटात 'तुकडा' मिळाल्याचे समाधानही होते. रुग्णास मात्र फणस विष्टंभी, तो नको.

एवढ्यात दोन मोठ्या वाट्या होतात. संसर्जनक्रमात शेवटच्या तीन अन्नकालांपैकी पहिल्यास फोडणी व चारोळी वगळून, म्हणजे अकृत, आणि पुढील दोहोंस संपूर्ण, म्हणजे कृत, असा क्रम आम्ही ठेवतो. अग्नी मंद असेल तर उडीद १५ वरून ५ ग्रॅमवर आणावा व मूग तितका वाढवावा. जिभेवर साम लेप असता हा रस देऊच नये, पेयेवरच थांबावे.

यातून काय मिळते आणि काय मिळत नाही

येथे हिशेब मांडला पाहिजे, कारण 'अधिक' हे पद आपण मागे ठेवून आलो आहोत. ४५ ग्रॅम कडधान्यातून सुमारे दहा ग्रॅम प्रथिन, जव व चारोळीचे मिळून तीन. म्हणजे साऱ्या भांड्यात बारा-तेरा ग्रॅम, आणि वाटीस सहा-साडेसहा. शंभर ग्रॅम मटणात ते वीस ग्रॅमच्या जवळपास असते. मात्र अळणीचा नुसता रस्सा प्यायला व तुकडे दुसऱ्याने खाल्ले, तर त्या वाटीतही प्रथिन थोडेच उतरते, हे मटण खाणाऱ्या घरांनीही लक्षात घ्यावे. पायाच्या सुपातून भरपूर चुना मिळतो व हाड झटपट जुळते ही समजूत तर सर्वत्र आहे. प्रत्यक्षात हाडे उकळून पाण्यात उतरणारे कॅल्शियम फारच थोडे असते. त्या बाबतीत निरामिष रुग्णाचे नुकसान तो समजतो तितके नाही. दुधाचा एक पेला त्या सुपापेक्षा कितीतरी अधिक कॅल्शियम देतो.

खरे नुकसान दुसरीकडे आहे. जीवनसत्त्व बी-१२ कोणत्याही कडधान्यात नाही. मांसातील लोह ज्या सुलभतेने शरीरात शोषले जाते तसे डाळींतील जात नाही. दूध-दह्यातून बी-१२ थोडे मिळते. वर्षानुवर्षे निरामिष, वृद्ध व क्षीण रुग्णास ते बहुधा पुरत नाही. म्हणून असा रुग्ण आला की आम्ही रक्तातील बी-१२ व हिमोग्लोबिन तपासून घेतो. आण्णांचे बी-१२ बरेच कमी निघाले. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडून इंजेक्शने देवविली. निरामिष रसाची वाटी हाती देऊन 'यात मांसाचे सर्व काही आहे' असे म्हणणारा वैद्य रुग्णाची फसवणूक करतो, हाडाचे पाणी मिसळू पाहणाऱ्या त्या मुलापेक्षाही अधिक. कारण मुलाचा हेतू तरी भाबडा होता.

आण्णांना हा रस सकाळी दहा व सायंकाळी पाच असा दोन वेळा, सोबत मऊ भाकरी वा तांदळाची पेज, रात्री दूध, असा क्रम अडीच महिने दिला. कडधान्यासोबत धान्य आवश्यक, कारण दोहोंच्या प्रथिनांतील उणिवा परस्परांनी भरून निघतात. सरकारी औषधे एक दिवसही चुकू दिली नाहीत. उपचार पूर्ण झाले तेव्हा वजन ४७ किलो होते. यातील किती श्रेय क्षयाच्या गोळ्यांचे, किती इंजेक्शनांचे व किती आमच्या वाटीचे, हे एका रुग्णावरून कोणास सांगता येणार नाही आणि आम्ही सांगणार नाही. ताटावरून मन उडणे थांबले, एवढे मात्र त्या वाटीपासून झाले.

निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे. पैसे येतात तेव्हा घरचे लोक अंडी आणावीत म्हणतात. अंडी न खाणाऱ्या घरी काय आणावे हे सांगण्याचे काम आपणच अंगावर घेतले पाहिजे. वरील दोन वाट्यांचा कच्चा माल चारोळी सोडली तर अगदी स्वस्त आहे. चारोळी परवडत नसेल तर तिच्या जागी भिजवून सोललेले बदाम चार-पाच घ्यावेत. उष्णता थोडी वाढेल, ती डाळिंबाने व दुधाने सांभाळता येते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

या रसाचे तयार मिश्रण पुडीत घालून विकावे अशी सूचना आम्हांस दोन-तीन दुकानदार मित्रांनी केली. भाजलेला उडीद, भाजलेला जव व डाळलेला मूग भरड करून ठेवण्यास हरकत नाही. हवाबंद डब्यात ते मिश्रण महिनाभर चांगले राहते. परंतु 'मांसरसतुल्य', 'क्षयनाशक' अशी अक्षरे पुडीवर घालू नयेत. आयुर्वेद आहाराविषयीचे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे विनियम २०२२ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले आहेत. पुडी काढण्यापूर्वी परवाना, लेबल व दावे या तिन्ही गोष्टी त्यांच्याशी ताडून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि आम्हांसही ती उशिरा सुचली. जो रुग्ण मांसरसास नकार देतो त्याच्याच हाती आपण बल्य म्हणून कॅप्सूल ठेवतो. पुष्कळ कॅप्सूलांचे कवच जिलेटिनचे असते व जिलेटिन प्राणिज असते. वनस्पतिज सेल्युलोजच्या कवचाच्या कॅप्सूलाही मिळतात. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. माळकरी, जैन वा अन्य निरामिष ग्राहकास देण्यापूर्वी तेवढे वाचून सांगावे. छागलाद्य घृतासारख्या कल्पांत बोकडाचे मांस आहे, हेही नव्या मदतनिसास ठाऊक नसते. महामाष तैल मागणाऱ्यास 'सामिष की निरामिष' असे विचारण्याची सवय त्यास लावावी. आण्णांच्या हाताच्या बोटांना मुंग्या येत तेव्हा त्यांना आमच्याच दुकानातून तैल गेले होते, ते सुदैवाने निरामिष होते. आम्ही ते पाहून दिले नव्हते.

चारोळी पावसाळ्यात लवकर खवट होते आणि खवट चारोळी साऱ्या रसाची चव घालविते. सुटी चारोळी विकत घेताना एक दाणा दातांखाली चावून पाहावा, व आषाढापासून आश्विनापर्यंत पंधरा दिवसांपेक्षा अधिक साठा करू नये.